प्रेसमडचा गॅस आणि टाकीचं पोट

दसरा-दिवाळीच्या आसपास उसाच्या पट्ट्यात कारखान्यांचे बॉयलर पेटतात. आधी अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो, मग मुहूर्त बघून गव्हाणीत मोळी टाकतात, नारळ फुटतो, भाषणं होतात आणि पुढचे चार-पाच महिने कारखाना रात्रंदिवस ऊस खात राहतो. मोळ्या जिथे पडतात त्या जागेला आपल्याकडे गव्हाण म्हणतात. शब्द गोठ्यातला आहे. बैलापुढे वैरण टाकतात ती गव्हाण.

मला लिहायचं आहे ते कारखान्याच्या दुसऱ्या गव्हाणीबद्दल. ती मागच्या बाजूला असते, तिथे नारळ फुटत नाही आणि तिच्यात पडतो साखर काढून उरलेला गाळ. हा गाळ एका बंद टाकीत जातो, हवेशिवाय कुजतो, आणि त्यातून चुलीला, बॉयलरला आणि आता गाड्यांनाही चालणारा गॅस निघतो. अशा एका टाकीशेजारच्या लॅबमध्ये मी सहा हंगाम काढले. त्यामुळे जे सांगते आहे त्यात थोडं पुस्तकातलं आहे आणि बरंचसं टाकीने शिकवलेलं.

एक टन ऊस गाळला की साखर शंभर किलोच्या थोडी वर मिळते. चिपाड, म्हणजे बगॅस, २८० ते ३०० किलो. मळी ४० ते ४५ किलो. आणि प्रेसमड ३० ते ४० किलो. बाकी सगळं पाणी. (काही गावांत प्रेसमडलाच मळी म्हणतात. या लेखात मळी म्हणजे काकवीसारखा काळा, घट्ट द्रव, ज्याची पुढे डिस्टिलरीत दारू किंवा इथेनॉल होतं.) बगॅस कारखान्याच्याच बॉयलरमध्ये जळतो. मळीला गिऱ्हाईक असतं. प्रेसमडचं मात्र वर्षानुवर्षं कुणाला फारसं पडलेलं नव्हतं. नाममात्र दरात सभासदांना द्यायचा, उरला की यार्डात ढीग.

प्रेसमड होतो कसा? उसाचा रस गढूळ असतो. त्यात माती, मेण, प्रथिनं, बारीक तंतू असं सगळं असतं. रस तापवून त्यात पाण्यात कालवलेला चुना घालतात, गंधक जाळून त्याचा वायू सोडतात. घाण एकत्र येऊन तळाला बसते. हा गाळ फिरत्या फिल्टरवर शोषून त्यातला उरलासुरला रस काढून घेतला की जो तपकिरी-काळा, भुसभुशीत, हाताला गरम लागणारा लगदा खाली पडतो तो प्रेसमड. ताजा असताना त्याला गुऱ्हाळासारखा गोडसर वास येतो. दोन दिवसांनी तोच वास आंबूस होतो आणि आठवड्यात नाकाला रुमाल लावावा लागतो. तो वास म्हणजे तुमचा गॅस हवेत चालल्याची वर्दी आहे.

प्रेसमडमध्ये सत्तर-पंचाहत्तर टक्के पाणी असतं. म्हणून तो जाळता येत नाही, सगळी उष्णता ते पाणी उडवण्यातच जाईल. उलट बगॅस टाकीत घालून उपयोग नाही, कारण त्यातलं लिग्निन, म्हणजे उसाला ताठ उभं ठेवणारा लाकडासारखा भाग, हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंना पचत नाही. निसर्गानेच वाटणी करून ठेवली आहे. सुकं आणि लाकडी असेल ते भट्टीत, ओलं आणि मऊ असेल ते टाकीत. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवली तरी ‘आमच्या कचऱ्यापासून गॅस होईल का’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळतं.

टाकीच्या आत

ज्यांच्या घरी गोबरगॅस होता त्यांना हे नवीन नाही. शेणकाला कालवायचा, टाकीत सोडायचा, लोखंडी ड्रम वर उचलला जायचा, आणि थंडीत आई कुरकुर करायची की भाकरी होईपर्यंत गॅस पुरत नाही. जशभाई पटेल यांनी १९५०च्या दशकात घडवलेला तो तरंगता ड्रम खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने पुढे गावोगाव नेला. त्याच्याही खूप आधी, एकोणिसाव्या शतकातच, मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत मैल्याच्या टाकीतून गॅस काढला गेला होता. आणि गाळातून जळणारी हवा निघते हे इटलीत व्होल्टाने १७७६ साली पाहिलं होतं. माजोरे सरोवराच्या काठी त्याने गाळ ढवळला, वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि पेटवले. भाताच्या खाचरात पाय टाकल्यावर जे बुडबुडे येतात ते तेच. त्यात मिथेन असतो.

शेण आणि प्रेसमड यांत एक महत्त्वाचा फरक आहे. शेण गाईच्या पोटातून एकदा पचून आलेलं असतं आणि येताना आपल्यासोबत पचवणारे जिवाणूही घेऊन येतं. प्रेसमड उकळत्या रसातून आलेला. त्यात खाद्य भरपूर, खाणारं कुणी नाही. म्हणून प्रेसमडची टाकी सुरू करताना शेणकाल्याचं किंवा चालू टाकीतल्या स्लरीचं विरजण लावावं लागतं. दुधाला कवडी लागते तसंच. फरक इतकाच की दही रात्रीत लागतं आणि या टाकीला लागायला दीड-दोन महिने जातात.

आत चार टप्प्यांत काम चालतं. पहिल्या टप्प्यात जिवाणू आपले पाचक रस बाहेर सोडून मोठे रेणू तोडतात. पिष्ट, तंतू, प्रथिनं, मेण यांची साखर, अमिनो आम्लं आणि मेदाम्लं होतात. दुसऱ्या टप्प्यात याच साखरेची वगैरे छोटी आम्लं होतात, त्यांचा वास आंबलेल्या पिठासारखा, कधी उग्र तुपासारखा. तिसऱ्यात ही आम्लं आणखी मोडून मुख्यतः ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, आणि हायड्रोजन होतो. चौथ्या टप्प्यातले जीव ते ॲसेटिक आम्ल आणि तो हायड्रोजन खातात आणि मिथेन सोडतात. हे शेवटचे जीव खरं तर जिवाणूही नव्हेत. आर्किया नावाचा जीवसृष्टीचा एक वेगळाच, फार प्राचीन गट आहे, त्यातले. यांना ऑक्सिजन म्हणजे विष. गाईच्या पोटात हेच असतात, खाचराच्या चिखलात हेच.

आता खरी मेख. पहिल्या दोन टप्प्यांतले जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. मिथेन करणारे जीव दुप्पट व्हायला काही दिवस घेतात. पंगतीत वाढपी धावत सुटलेत आणि जेवणारे म्हातारे, सावकाश चावणारे, असं समजा. वाढप्यांनी दम धरला तर पंगत छान उठते. त्यांनी भराभर वाढलं तर पानं तुंबतात. टाकीत ही ‘तुंबलेली पानं’ म्हणजे साठलेली आम्लं. आम्ल वाढलं की टाकीचा सामू, म्हणजे पीएच, उतरतो. मिथेनवाल्यांना सामू ६.८ ते ७.४ च्या दरम्यान लागतो. तो साडेसहाच्या खाली गेला की ते आणखी मंदावतात, ते मंदावले की आम्ल आणखी साठतं. एकदा हे चक्र सुरू झालं की टाकी नासते, नासलेल्या दुधासारखी.

तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याचं नातं तर याहून नाजूक आहे. तिसऱ्या टप्प्यातल्या जिवाणूंनी सोडलेला हायड्रोजन शेजारच्या आर्कियाने लगेच खाल्ला नाही, तर त्या जिवाणूंचं काम थांबतं, कारण हायड्रोजन साठला की त्यांची ती प्रक्रिया पुढे जाऊच शकत नाही. म्हणून हे दोघे एकमेकांना अगदी चिकटून राहतात. टाकी जोरजोरात ढवळली तर ही जोडी तुटते. ढवळणं लागतं, नाहीतर वर साय धरते आणि तळाला गाळ बसतो, पण ते हळूहळू, थांबून थांबून. जास्त ढवळलं म्हणजे जास्त गॅस, असं समजून मिक्सर चोवीस तास चालू ठेवणारे मी पाहिलेत. त्यांचं विजेचं बिल वाढलं, गॅस वाढला नाही.

‘हिचं पोट बिघडलंय’

आमच्या कारखान्यात टाकीवर एक मामा होते. शिक्षण फारसं नाही, पण घरी बारा जनावरं. लॅबमध्ये मी सामू मोजायची, आम्लं आणि क्षारता यांचं गुणोत्तर काढायची. मामा सकाळी टाकीच्या पाइपला कान लावायचे, नमुन्याची बाटली उघडून वास घ्यायचे आणि चाचणीच्या बर्नरची ज्योत बघायचे. बहुतेक वेळा आम्ही दोघं एकाच उत्तरावर यायचो.

माझ्या दुसऱ्या हंगामातली गोष्ट. जोडून सुट्ट्या आल्या होत्या, यार्डात प्रेसमडचा ढीग वाढला होता, आणि वरून तोंडी निरोप आला, दोन दिवस दुप्पट माल टाका, ढीग कमी करा. मी नवी होते. कागदावर टाकीची क्षमता शिल्लक दिसत होती, म्हणून मीही मान डोलावली. पहिल्या दिवशी गॅसमीटर चढला. दुसऱ्या दिवशी आणखी चढला. सगळे खूश. तिसऱ्या दिवशी सकाळी मामा लॅबच्या दारात येऊन उभे राहिले.

“मॅडम, हिचं पोट बिघडलंय. ज्योत बघा चला.”

बर्नरची निळी ज्योत नुसती थरथरत होती. मध्येच तुटायची, परत धरायची, मग विझली. गॅस येत होता, जळत नव्हता. वाढलेला गॅस म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड होता. आम्लं करणारे जिवाणू जोरात होते, मिथेनवाले मागे पडले होते. सामू ६.२. मामा म्हणाले, “चारा बंद करा आता. अपचन झालेल्या म्हशीला कुणी पेंड घालतं का?”

आम्ही चारा बंद केला. मोजून मापून चुना टाकला, तोही थोडा थोडा, कारण एकदम टाकला की सामू उडी मारतो आणि ते वेगळंच दुखणं होतं. गावातून ट्रॉल्या भरून ताजं शेण आणलं. टाकी पूर्ववत व्हायला पाच आठवडे लागले. दोन दिवसांत कमी केलेला ढीग त्या पाच आठवड्यांत कितीतरी पट झाला.

तेव्हापासून मी कुणालाही एकच सांगते. मीटर वर गेला म्हणून आनंदू नका, आधी मिथेनची टक्केवारी बघा. सामूसुद्धा उशिरा कळवतो, कारण टाकीतली क्षारता बराच काळ आम्लाला तोंड देत असते आणि सामू जागचा हलत नाही. आम्लं आणि क्षारता यांचं गुणोत्तर ०.३ च्या आसपास असलं की निश्चिंत राहा. ते चढायला लागलं की सामू ठीक दिसत असला तरी हात आखडता घ्या. पोट बिघडण्याआधी जनावर कान पाडतं, ते ओळखायचं.

टाकीला उबही लागते. बहुतेक टाक्या ३५ ते ३८ अंशांवर चालवतात, म्हणजे आपल्या अंगाइतक्या उबेवर. काही ५० ते ५५ वर चालवतात. त्यात काम वेगाने होतं पण तापमान दोन-तीन अंश हललं तरी ती टाकी रुसते. गोबरगॅसला थंडीत गॅस कमी का यायचा, त्याचं कारण हेच. प्रेसमडच्या बाबतीत एक चांगला योग असा की हंगाम थंडीतच असतो आणि माल गरम येतो.

एका टनातून किती?

हिशेब अवघड नाही. एक टन प्रेसमड घ्या. ७२० किलो पाणी सोडलं तर २८० किलो घन पदार्थ राहतो. त्यातला साधारण सत्तर टक्के सेंद्रिय, बाकी माती, चुना आणि क्षार. म्हणजे पचण्याजोगा माल १९५ किलोच्या आसपास. यातल्या किलोमागे अंदाजे ०.२८ घनमीटर मिथेन मिळतो, म्हणजे टनामागे ५५ घनमीटर, वजनात ३९-४० किलो. कारखान्यांत जो ठोकताळा ऐकू येतो, २५ टन प्रेसमडला एक टन शुद्ध गॅस, तो इथूनच येतो.

रोज ५,००० टन ऊस गाळणारा कारखाना धरला, तर साडेतीन टक्क्यांनी १७५ टन प्रेसमड आणि त्यातून रोज सात टन गॅस. घरच्या भाषेत सांगायचं तर शुद्ध न केलेल्या एका घनमीटर बायोगॅसमध्ये साधारण अर्ध्या किलोला थोडी कमी इतक्या एलपीजीची ताकद असते. स्वयंपाकाच्या १४.२ किलोच्या सिलिंडरला तीस-बत्तीस घनमीटर लागतील.

डिस्टिलरीच्या पाण्याचा, म्हणजे स्पेंटवॉशचा, हिशेब वेगळ्या मापाने करतात. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की आठ ते पंधरा लिटर तांबडं-काळं, कढत, आंबट पाणी उरतं. त्यात इतका सेंद्रिय माल असतो की ते ओढ्यात सुटलं तर पाण्यातले जिवाणू त्याच्यावर तुटून पडतात, पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवतात आणि मासे गुदमरून वर येतात. ऑक्सिजनची ही मागणी रसायनांनी मोजली की तिला सीओडी म्हणतात. हवेशिवाय ही मागणी भागवली तर प्रत्येक किलो सीओडीमागे ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. हा आकडा पक्का, रसायनशास्त्राने ठरलेला. एक घनमीटर स्पेंटवॉशमध्ये शंभर किलो सीओडी सहज असतो. त्यातला साठ-पासष्ट टक्के पचला तरी वीस घनमीटरच्या वर मिथेन. नदीत गेला तर मासे मारणारा माल टाकीत गेला तर बॉयलर तापवतो. मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. अलीकडे पाणी बाहेर न सोडण्याच्या नियमामुळे बऱ्याच डिस्टिलऱ्या स्पेंटवॉश आटवून थेट खास बॉयलरमध्ये जाळतात. तोही मार्ग आहे.

पाण्यासारख्या पातळ कचऱ्यासाठी टाकीची एक निराळी जात आहे. १९७०च्या दशकात नेदरलँड्समध्ये खात्झे लेटिंगा यांनी बीट साखर कारखान्याच्या सांडपाण्यावर काम करताना ती घडवली. तिथे सांडपाणी खालून वर सोडतात आणि आतले जीव एकमेकांना धरून साबुदाण्यासारखे दाणे होतात. दाणे जड, म्हणून पाणी वर निघून जातं आणि जीव टाकीतच राहतात. संथ वाढणाऱ्या जिवांना वाहून जाऊ न देण्याची ही युक्ती इतकी चांगली होती की आज जगभर वापरतात. प्रेसमडसारख्या दाट मालाला ती चालत नाही. त्याला साधी, ढवळणीची मोठी टाकी आणि २५ ते ४० दिवसांचा मुक्काम लागतो.

प्रेसमडच्या आणखी दोन खोडी. उसासोबत आलेली माती त्यात उतरते. ती तळाला बसून वर्षागणिक टाकीची जागा खाते. आणि तंतू-मेण मिळून वर जाड साय धरते, जिच्याखाली गॅस अडकतो. टाकी बांधताना गाळ काढायची सोय ठेवली नसेल, तर चार वर्षांनी ती आहे त्याच्या तीन-चतुर्थांशच टाकी राहते.

सडक्या अंड्याचा वास

बायोगॅसमध्ये पन्नास ते पासष्ट टक्के मिथेन, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड. हा ‘थोडा’ फार महत्त्वाचा. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत रस शुद्ध करायला गंधक वापरतात, ते प्रेसमडमध्ये आणि मळीत उतरतं. टाकीत काही जिवाणू गंधकाच्या क्षारांवरच जगतात, मिथेनवाल्यांच्या तोंडचा हायड्रोजन पळवतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. त्यामुळे गोबरगॅसपेक्षा या गॅसमध्ये तो कितीतरी जास्त येतो. स्पेंटवॉशच्या गॅसमध्ये तर दोन-तीन टक्क्यांपर्यंत जातो. इंजिन आणि पाइप तो कुरतडून टाकतो.

पण मला इंजिनापेक्षा माणसांबद्दल सांगायचं आहे. या वायूला सडक्या अंड्याचा वास येतो आणि तो अगदी कमी प्रमाणातही कळतो. त्यामुळे लोकांना वाटतं, वास आला की बाहेर पडू. तसं होत नाही. प्रमाण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकाची जाणीवच बधिर होते. वास थांबतो, माणसाला वाटतं वायू गेला. त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खड्ड्यात, मॅनहोलमध्ये, रिकाम्या केलेल्या टाकीच्या तळाशी साचून राहतो. एक जण पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि एकाच घरातले दोघं-तिघं जातात. टाकी रिकामी असो, चार दिवस उघडी असो, वायूमापकाने तपासल्याशिवाय, ब्लोअरने हवा खेळवल्याशिवाय, दोर बांधल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा ठेवल्याशिवाय कुणीही आत उतरायचं नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही. मिथेनचं भय वेगळं. हवेत तो पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान असला की ठिणगीने स्फोट होतो, म्हणून टाकीजवळ बिडी-काडी नको.

हायड्रोजन सल्फाइड काढायला टाकीतच लोहाचे क्षार घालतात, किंवा गॅस गंजलेल्या लोखंडाच्या किसातून नेतात, किंवा गंधक खाणाऱ्या जिवाणूंच्या मनोऱ्यातून. त्यानंतर कार्बन डायऑक्साइडची पाळी. सोडावॉटरमध्ये जे घडतं तेच इथे वापरतात. दाब दिला की कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, मिथेन फारसा विरघळत नाही. गॅस दाबाखाली पाण्याच्या फवाऱ्यातून नेला की वरून जवळपास शुद्ध मिथेन निघतो. याला पर्याय म्हणून विशिष्ट दाणेदार पदार्थ किंवा पडदेही वापरतात. मिथेन किमान ९० टक्के झाला की भारतीय मानकानुसार तो वाहनात भरता येतो. मग तो हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे-अडीचशे पट दाबाने नळकांड्यांत भरतात. याला कॉम्प्रेस्ड बायोगॅस म्हणतात, व्यवहारात सीबीजी. रसायन म्हणून तो आणि पंपावरचा सीएनजी एकच.

खत राहतं का?

शेतकऱ्यांच्या मेळाव्यात हा प्रश्न हमखास येतो. “गॅस काढून घेतलात, मग आमच्या हाती चोथाच की!” प्रश्न रास्त आहे, कारण प्रेसमड हे उसाच्या शेताचं जुनं खत आहे.

मिथेनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतो. नत्र, स्फुरद, पालाश यांतलं काही त्याच्यासोबत जात नाही. टाकीतून निघालेल्या स्लरीत ते सगळं राहतं. उलट प्रथिनांत अडकलेल्या नत्राचा बराच भाग अमोनियाच्या रूपात सुटा होतो, जो पिकाला लवकर मिळतो. जातो तो लगेच कुजणारा कार्बन. उघड्या ढिगात तोही जातोच, फक्त हवेत जातो, आणि ढिगाच्या पोटात जिथे हवा पोचत नाही तिथे त्याचा मिथेनच होतो. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट पृथ्वी तापवतो. कुजायला अवघड असा लिग्निनचा भाग स्लरीत शिल्लक असतो, आणि जमिनीचा पोत टिकवायला तोच उपयोगी.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. सुटा झालेला नत्र उडूनही लवकर जातो. स्लरी उन्हात पसरून ठेवली तर दोन दिवसांत तिच्यातला चांगला भाग हवेत जातो. ती सरीत सोडून लगेच मातीआड करावी, नाहीतर पाण्यासोबत द्यावी. घट्ट भाग वेगळा काढला तर त्याची पोती भरता येतात. अशा खतासाठी केंद्र सरकारने २०२३ मध्ये टनामागे १,५०० रुपयांचं विक्री साहाय्य मंजूर केलं. ते लागलं, कारण प्रकल्पांचा गॅस विकला जायचा आणि खताचे ढीग तसेच राहायचे.

उन्हाळ्यात काय खायला घालायचं?

सरकारने १ ऑक्टोबर २०१८ रोजी या सीबीजीसाठी ‘सतत’ योजना सुरू केली. २०२३ पर्यंत देशभर ५,००० प्रकल्प, वर्षाला दीड कोटी टन गॅस, आणि तेल कंपन्यांकडून किलोला ४६ रुपये खरेदीदर, अशी ती घोषणा होती. त्या आकड्याच्या जवळपासही आपण पोचलो नाही. पुढे शहरी गॅस वितरणात बायोगॅस मिसळणं बंधनकारक करण्याचा निर्णय झाला. २०२५-२६ मध्ये एक टक्का, आणि वाढवत २०२८-२९ पासून पाच टक्के. म्हणजे गिऱ्हाईक ठरलेलं आहे. अडतं ते कच्च्या मालापाशी.

ऊस दिवाळीला येतो आणि मार्च-एप्रिलला संपतो. प्रेसमड तेवढे चार-साडेचार महिनेच. टाकी मात्र बारा महिने जिवंत असते. माल साठवावा म्हटलं तर उघड्या ढिगात तो आतून तापतो, धुमसतो, आणि दोन-तीन महिन्यांत त्यातला निम्मा गॅस गेलेला असतो. मुरघासासारखा दाबून, हवाबंद झाकून ठेवला तर बराच टिकतो. मुरघास करणाऱ्या दूधवाल्यांना हे वेगळं शिकवायला लागत नाही. नाहीतर मे महिन्यात दुसरं काहीतरी घालावं लागतं. शेण, नेपियर गवत, दूधसंघाचं सांडपाणी, कोंबडीखत. कोंबडीखतात नत्र इतका असतो की अमोनिया वाढून टाकीतले जीव मरगळतात, म्हणून ते चिमटीनेच. आणि चारा कधीही एकदम बदलायचा नाही. कडब्यावरच्या म्हशीला एका दिवसात नुसती पेंड घातली तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

इतर प्रक्रिया उद्योगांचीही हीच रड असते, फक्त मुदत वेगळी. रत्नागिरीत आंब्याच्या रसाचा हंगाम दीड-दोन महिन्यांचा. साली भराभर आंबतात, कोय कठीण. नागपुरी संत्र्याच्या सालीत तेल असतं, त्यातलं लिमोनीन जिवाणूंना मारक. ते आधी काढून घेतलं तर तेलही विकता येतं आणि सालही पचते. छोट्या प्रमाणावर बघायचं असेल तर पुण्याच्या आरती संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली केलेली घरगुती टाकी बघावी. शेणाऐवजी पीठ, सडलेलं धान्य, खरकटं अशा पिष्टमय मालावर चालणारी. तिला २००६ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी उभा केलेला निसर्गऋण प्रकल्प हा याच दिशेने गेलेला आणखी एक मार्ग. नव्या माणसाने थेट कोट्यवधींच्या प्रकल्पात पडण्याआधी घरच्या टाकीत एक वर्ष हात घालावा, असं मला मनापासून वाटतं. नासलेली छोटी टाकी स्वस्तात शिकवते.

आमच्या टाकीला उन्हाळ्यात आम्ही गोठ्यातलं शेण आणि झाकून ठेवलेला थोडा प्रेसमड घालायचो, पूर्ण खुराकाच्या पाचव्या हिश्श्याइतका. तेवढ्यावर ती निजून राहायची. हंगाम उघडला की पहिल्या आठवड्यात चौथाई, दुसऱ्यात निम्मा, गुणोत्तर बघत बघत महिन्याने पूर्ण. त्या महिन्यात रोज वरून विचारणा व्हायची, गॅस कधी वाढणार. मी तक्ता पाठवायची. पुढे कारखान्याच्या गव्हाणीत मोळी पडायची आणि मागे मामा हॉपरला, म्हणजे टाकीत माल टाकायच्या तोंडाला, हळदकुंकू लावायचे, पहिलं फावडं स्वतःच्या हाताने टाकायचे, अर्धंच भरून. मग बर्नर पेटवून ज्योत निळी आणि स्थिर आहे ना ते बघत उभे राहायचे.